एकाच घरातले दोन सायरन: मी बंबावर, धाकटा १०८ वर

लालगाडी (धागा काढणारा)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत अग्निशामक आहे, बारा वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ १०८ वर पायलट, म्हणजे रुग्णवाहिकेचा चालक. घर एकच, आई एकच, रात्री-बेरात्री उठून पळायचं कामही एकच. पण गावात मला लोक 'फायर साहेब' म्हणतात (मी साहेब नाही, साधा फायरमन आहे) आणि त्याला 'गाडीवाला'. माझ्या हातात महिन्याला जे पडतं त्याच्या निम्मंही त्याच्या हातात पडत नाही. हे बरेच दिवस मनात साचलंय, म्हणून लिहितोय.

१४ एप्रिल हा आमचा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, आग विझवताना ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी आम्ही दरवर्षी ठाण्यात दोन मिनिटं उभं राहतो. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती, त्यामुळे आपल्याकडं गाव सगळं रस्त्यावर असतं. संध्याकाळी मिरवणुकीच्या बंदोबस्ताला चौकात आमचा बंब उभा, आणि त्याला लागून १०८. यंदा त्या १०८ वर ड्युटी माझ्या भावाची होती. मंचावरून माइकवर आमचं नाव पुकारलं, आम्हा चौघांना पुष्पगुच्छ दिले, फोटो काढले. धाकटा दहा पावलांवर गाडीच्या दाराला टेकून उभा होता. टाळ्याही वाजवत होता. त्याला वाईट वाटलं असं तो म्हणाला नाही. मला वाटलं.

मागच्या पावसाळ्यात नागपूर–तुळजापूर हायवेवर ट्रक आणि बोलेरोची धडक झाली. आम्ही कटर-स्प्रेडर लावून दार फाडलं, त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ माझा भाऊ मागच्या काचेतून आत शिरून त्या माणसाचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसला होता, मान हलू नये म्हणून. गाडीवरचे डॉक्टर बाहेरून दुसऱ्या जखमीला सलाईन लावत होते. दुसऱ्या दिवशी बातमी आली: अग्निशमन दलाच्या जवानांनी वाचवले प्राण. फोटो आमचा. त्या रात्री दीडच्या सुमारास मी घरी येताना पेट्रोल पंपापाशी १०८ दिसली. भाऊ पंपाच्या नळावर बादली भरून गाडीतलं रक्त धुत होता, कारण ते धुवायला वेगळा माणूस नसतो आणि पुढचा कॉल केव्हाही येतो.

पगाराचं सांगतो. मी वेतनश्रेणीत आहे. महापालिकांच्या जाहिरातीत अग्निशामकाच्या पदापुढं एस-६, १९,९०० ते ६३,२०० असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, वर महागाई भत्ता, घरभाडं. दरवर्षी वेतनवाढ. जुनी पेन्शन मलाही नाही, १ नोव्हेंबर २००५ नंतरचा आहे मी. पण पगार कधी होणार हा प्रश्न मला पडत नाही. भाऊ १०८ चालवणाऱ्या खासगी कंपनीच्या कंत्राटावर. मधे त्याचा पगार अडीच महिने अडकला. विचारायला गेला तर 'वरून बिल निघालं नाही' एवढंच उत्तर. घराचा हप्ता मी भरला. त्यानं मला ते पैसे नंतर दोन तुकड्यांत परत केले. मी नको म्हणालो तरी केले.

आणि सोयरीक. हे लिहायला जड जातंय. दोन वर्षांत त्याला पाहायला पाच ठिकाणचे पाहुणे आले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: 'पोरगा परमनंट आहे का?' एका पाहुण्यानं तर माझ्याकडं बोट करून विचारलं, 'यांच्यासारखं कायमचं लागत नाही का कुठं?' गंमत नाही, खरंच विचारलं. त्या माणसाच्या सख्ख्या बहिणीला भर उन्हाळ्यात याच १०८ नं यवतमाळच्या मेडिकलला नेलं होतं. गाडी कोणाची होती, चालवत कोण होतं, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

कामाचं माप काढायचं तर पावसाळ्यात आमच्या ठाण्यात दिवस-दिवस घंटी वाजत नाही. आमचा हंगाम मार्च ते मे, आणि मग सोयाबीनच्या गंज्या लागल्या की दिवाळीच्या आसपास. धाकट्याला हंगाम नाही. जून लागला की साप. ऑगस्टपासून फवारणी, म्हणजे विषबाधा. आपल्या जिल्ह्यानं २०१७ साली ते कसं असतं हे पाहिलंय. बाळंतपणं बारा महिने. अपघात बारा महिने.

मला माझा पगार कमी नकोय, माझं काम हलकं आहे असंही म्हणायचं नाही. पण एकाच अपघातावर एकाच वेळी पोचणाऱ्या दोन माणसांमध्ये एवढी दरी कशानं पडली? तुमच्या गावात काय आहे ते सांगा.

---

वऱ्हाडी ठेचा

भाऊ, वाचून डोये भरले. माह्या बापाले तीन वर्षांआंधी सोयाबीन सोंगतानी साप चावला. वावर मेन रोडपासून चांगलं आतमंधी, वाट म्हंजे नुसता चिखल. १०८ ले फोन लावला तं तो पोरगा म्हणे, 'बाबाले चालवू नका, पाय हलू देऊ नका, खाटंवर घालून नाल्यालोक आना, मी येतो.' गाडी नाल्यापाशी थांबवून तो सोता स्ट्रेचर घेऊन पायी आला, गुडघाभर चिखलातून. डॉक्टर मॅडम बी संगंच. बाप आज बी वावरात जाते.

आन् खरं सांगू का, त्या पोराचं नाव आमाले मालूम नाही. च्या बी पाजला नाही त्याले. आमच्या गावात बंब आला तं लहान-मोठे सारे त्याच्यामांगं धावतेत. १०८ आली तं लोकं आंधी विचारतेत, 'काहून उशीर केला?'

---

जिनिंगवाला

धागाकर्त्याच्या भावना समजतात, पण मी थोडं वेगळं म्हणणार आहे. माझा कापसाचा धंदा आहे, हिंगणघाटकडं. जिनिंगमध्ये आग लागते ती कशी असते ते पाहिल्याशिवाय कळत नाही. रुईच्या गठाणीत आग वरून विझते आणि आतून दोन दिवस धुमसत राहते. बंबवाले त्या धुरात शिरतात, वरून तापलेले पत्रे पडत असतात. माझ्यासमोर एका जवानाचा हात भाजलाय.

शिवाय फायरमनची भरती सोपी नाही. १६५ सेंटिमीटर उंची, छातीचं माप, धावणं, मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम. ॲम्बुलन्स चालवायला गाडीचं लायसन्स लागतं. जोखीम आणि शिक्षण दोन्ही पाहिलं तर पगारात फरक असणारच. अन्याय म्हणायचा तर पगार वेळेवर न होणं हा आहे. तो मात्र शंभर टक्के अन्याय आहे.

---

लालगाडी

जिनिंगवाला भाऊ, तुम्ही आमच्या कामाची जाण ठेवता याचं बरं वाटलं. गठाणीची आग म्हणजे काय ते मी अंगावर घेतलंय, म्हणून तुमचा मुद्दा उडवून लावणार नाही.

पण शिक्षण हे कारण असतं तर १०८ वरच्या डॉक्टरांचं काय? बीएएमएस म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. माझा पाठ्यक्रम सहा महिन्यांचा. तरी मी कायम आणि ते कंत्राटी. आणि जोखीम म्हणाल तर करोनात मी ठाण्यातून रस्त्यावर सोडियम हायपोक्लोराइट फवारायला जायचो, भाऊ रोज बंद गाडीत पेशंटसोबत. त्याच्या अंगावरचा पीपीई किट काढताना घाम बादलीभर निघायचा. केंद्र सरकारनं तेव्हा ५० लाखांचा विमा काढला, त्यात कंत्राटी आणि बाहेरून नेमलेले आरोग्य कर्मचारीही धरले होते. म्हणजे मेल्यावर तो आरोग्य कर्मचारी. जिवंतपणी कंपनीचा माणूस.

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १९४-ई आलं. बंबाला किंवा रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दोघांसाठी एकच कलम, एकच दंड. रस्त्यावर कायद्यानं आम्हाला सारखं धरलंय. रस्ता संपला की सारखेपण संपतं.

---

मोहफूल

मी बीएएमएस, दक्षिण गडचिरोलीत १०८ वर होते. आता नाही. धागा वाचल्यावर राहवलं नाही.

१०८ सुरू झाली २०१४ च्या जानेवारीत, पूर्ण राज्यासाठी ९३७ गाड्या. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड म्हणजे व्हेंटिलेटरवाल्या आणि ७०४ बेसिक. दोन्हीत माणसं दोनच: एक डॉक्टर, एक पायलट. स्ट्रेचर उचलायला तिसरा नाही. जीवनदान देणाऱ्या गाडीत मदतनीस नसणं म्हणजे काय, ते आमच्या भागात कळतं. नातेवाईक घाबरलेले, बाईचं वजन, चढ-उताराची पायवाट. मग पायलटच स्ट्रेचरची एक बाजू धरतो, तोच ऑक्सिजनचा सिलिंडर बदलतो, तोच टॉर्च धरतो.

भामरागडला पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि अलीकडचे अलीकडं, पलीकडचे पलीकडं. एका रात्री आम्ही पुलाच्या काठावर सहा तास थांबलो, आत पहिलटकरीण. बाळंतपण गाडीत झालं. मी पेशंटपाशी, पायलट बाहेर पावसात उभा राहून दर अर्ध्या तासानं पाण्याची पातळी पाहून येत होता आणि मधे बाईच्या सासूला धीर देत होता, माडियात. मला माडिया येत नव्हती. त्याला ती भाषा येते म्हणून त्याला एक रुपया जास्त मिळत नव्हता, पण त्या रात्री माझ्या डिग्रीइतकंच त्याच्या भाषेचं काम होतं.

जिनिंगवाला म्हणतात 'लायसन्स लागतं'. लायसन्सवर ते काम होत नाही. त्या कामाला सरकारी कागदावर नाव नाही, म्हणून ते दिसत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात, त्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात, आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून धरलाय. आपल्या गाड्यांवरच्या मुलांना ते प्रशिक्षण देऊन त्या नावानं नेमलं तर अर्धा प्रश्न सुटेल असं मला मनापासून वाटतं.

---

पैनगंगा

मी नगर परिषदेच्या आस्थापना विभागातून निवृत्त. धागाकर्त्यानं विचारलं, दरी कशानं पडली. त्याचं उत्तर मला नोकरीभर फायली चाळून जे कळलं ते सांगतो.

आग विझवणं हे नगरपालिकेचं काम आहे असं घटनेच्या बाराव्या अनुसूचीत लिहिलंय, ७४ व्या दुरुस्तीनं आलेली ती यादी. १८ विषय, त्यात सातवा अग्निशमन सेवा. काम पालिकेचं म्हटलं की पालिकेच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, पद आलं. पद आलं की वेतनश्रेणी, सेवापुस्तक, ज्येष्ठता यादी, बढती, अनुकंपा हे सगळं त्यामागून येतं. २००६ चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा झाला, त्यानं अग्निशमन अधिकाऱ्याला नोटीस काढायचे, इमारत तपासायचे अधिकार दिले. गावात जो मान दिसतो तो अर्धा या अधिकाराचा मान आहे.

आता १०८ पाहा. सरकारनं ती 'सेवा' म्हणून विकत घेतली. निविदेत गाड्या, किलोमीटर, वेळ हे मोजलं जातं. माणूस कंपनीच्या खर्चाच्या रकान्यात जातो. पदच निर्माण झालं नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग हा निकाल, समान कामाला समान वेतन, हाताशी असूनही या मुलांना तो लावताना अडचण येते. समान कोणाशी? १०८ च्या पायलटचं कायम पद राज्यात असतं तर बोट ठेवता आलं असतं. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या जुन्या रुग्णवाहिकेवरचे कायम वाहनचालक. वकील पाहायचा असेल तर तिथून सुरुवात करावी.

आणखी एक. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, आरोग्य आहे, दवाखाने आहेत, अग्निशमन नाही. म्हणून खेड्यात आग लागली तर बंब तालुक्याच्या नगर परिषदेतून येतो आणि येईस्तोवर कुटार, गोठा, कधी बैलजोडी, सगळं गेलेलं असतं. खेड्याला मिळते ती १०८ किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राची १०२ रुग्णवाहिका. खेड्यातल्या माणसाच्या दारात खरी येणारी आणीबाणीची गाडी तीच, आणि सगळ्यात कच्च्या पायावर उभी तीच.

---

सातासमुद्रापार

मूळची आर्वीची, सध्या न्यू जर्सीत. इथंही हेच भांडण आहे, हे वाचून कदाचित आश्चर्य वाटेल. २०२३ च्या सरकारी आकड्यांत फायरफायटरचं मध्यम वार्षिक वेतन ५७,१२० डॉलर आणि रुग्णवाहिकेवरच्या ईएमटीचं (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचं) ३८,९३०. शेजारच्या न्यूयॉर्क शहरात १९९६ ला रुग्णवाहिका सेवा अग्निशमन दलातच विलीन केली. एक विभाग, एक बिल्ला, तरी ईएमटीचा पगार फायरफायटरपेक्षा बराच कमी राहिला. त्यावरून युनियनचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे.

त्यामागं इतिहासही आहे. साठच्या दशकापर्यंत इथं अनेक गावांत आजाऱ्याला न्यायला अंत्यविधी करणाऱ्यांची शववाहिका यायची, कारण आडवं झोपवायला तीच गाडी लांब. १९६७ ला पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाऊस नावाची सेवा सुरू झाली, त्यात काळ्या वस्तीतल्या, लोकांनी बेकार ठरवलेल्या तरुणांना शिकवून गाडीवर नेमलं. आजच्या पॅरामेडिकची घडण तिथून झाली. १९७५ ला शहरानं ती सेवा स्वतःकडे घेतली आणि त्या मुलांपैकी बहुतेकांना पुढं टिकू दिलं नाही. बंब पहिल्यापासून शहराचा, रुग्णवाहिका पहिल्यापासून कोणाची तरी. पैनगंगा काका सांगतात तीच गोष्ट.

विलीन केलं की प्रश्न सुटतो असं कोणी म्हणत असेल तर न्यूयॉर्क आठवा, एवढंच.

---

रोजंदार

मी एका नगर पंचायतीत फायरमन. एजन्सीमार्फत. लालगाडी दादा, तुम्ही कायम आहात म्हणून बंबवाल्याचा पगार चांगला असं वाटतं. माझ्या हातात तुमच्या भावापेक्षा कमी येतात. कोर्स मीही केलाय, दीड लाखाचं कर्ज काढून. होज तोच, धूर तोच. बूट मात्र मी स्वतः घेतले. आपल्या नागपुरात १९५७ पासून देशाचं अग्निशमन महाविद्यालय आहे, देशभरातले अधिकारी तिथं शिकायला येतात, आणि दीडशे किलोमीटरवर आम्ही हेल्मेट दोघांत एक वापरतो.

तेव्हा भांडण बंब विरुद्ध ॲम्बुलन्स असं करू नका, एवढी विनंती.

---

मेळघाटची आशा

धारणी तालुका. मी आशा. आमच्याकडून डफरीनला, म्हणजे सरकारी स्त्री रुग्णालयात, न्यायचं म्हणजे अमरावतीपर्यंत घाट उतरून दीडशे किलोमीटरच्या आसपास. रात्री मी बाईसोबत गाडीत बसते. मला मानधन, ड्रायव्हर भाऊला कंत्राट, आत डॉक्टर असलेच तर तेही कंत्राटी. गाडीतल्या चौघांत कायम नोकरी कोणालाच नाही, फक्त बाळ कायमचं यायचं असतं. परतवाड्याच्या खाली चहाच्या टपरीवर ड्रायव्हर भाऊ गाडी थांबवतो, स्वतःच्या पैशानं बाईच्या नवऱ्याला बिस्किटं घेऊन देतो. त्याचा पगार झालेला नसतो हे मला माहीत असतं.

---

लालगाडी

रोजंदार भाऊ, तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. मी माझ्या ठाण्यापुरतं पाहत होतो. आमच्याकडंही तीन पोरं एजन्सीची आहेत, त्यांना मी 'आपले' समजत होतो म्हणून त्यांचा पगार कधी विचारलाच नाही. काल विचारला. रात्री झोप आली नाही.

जिनिंगवाला भाऊंनी मला व्यनि (खासगी निरोप) केला, त्यांच्या परवानगीनं सांगतो: पुढच्या १४ एप्रिलला त्यांच्या असोसिएशनचा सत्कार असतो, त्यात ते १०८ आणि १०२ च्या पोरांनाही बोलावणार आहेत. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला राष्ट्रपती पदकं जाहीर होतात, पोलीस, अग्निशमन, होमगार्ड, कारागृह यांच्यासाठी. त्या यादीत रुग्णवाहिकेचा रकानाच नाही. निदान गावच्या यादीत तरी तो येऊ द्या.

भावाला धागा वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाला, 'दादा, मले पुष्पगुच्छ नको. पगाराची तारीख ठरवून पायजे, आन् पीएफ खरंच भरते का ते पायजे.' त्याच्या पगारातून दर महिन्याला कापतात, पण खात्यात काय येतं हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. काल उमंग ॲपवर पासबुक उघडलं. मधले चार महिने कोरे आहेत. पैनगंगा काका, आता काय करायचं?

---

पैनगंगा

आधी त्या चार महिन्यांच्या पगारपत्रकाची प्रत काढा, त्यात कपात दिसली पाहिजे. ती आणि पासबुकाची प्रत जोडून भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडं ऑनलाइन तक्रार. दुसरं, माहिती अधिकारात अर्ज, आरोग्य विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. मागायचं एवढंच: करारनाम्याची प्रत, त्या चार महिन्यांत कंपनीला दिलेल्या बिलांच्या तारखा, आणि बिलासोबत पीएफ भरल्याची चलनं जोडली होती का. कंत्राटदारानं पगार दिला नाही तर मूळ मालकानं द्यायचा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय, त्यामुळे तारखा महत्त्वाच्या.

अर्ज भावाच्या नावानं करू नका. तुमच्याही नाही, तुम्ही नोकरीत आहात. माझ्या नावानं करू. माझी पेन्शन कोणी थांबवू शकत नाही. कागद व्हॉट्सॲपवर पाठवा, मी सोमवारी तालुक्याला जातोच आहे. रोजंदार, तुमच्या नगर पंचायतीचाही अर्ज सोबतच टाकतो, एजन्सीचं नाव आणि कामाचा आदेश क्रमांक तेवढा कळवा.